पूल पाण्याखाली गेल्यावरही स्वतःला सावरणारे फिरते बिनतारी जाळे: सामान, मापे, नियम आणि माघारीची सोय

दूधगंगेच्या अलीकडे चिकोडी तालुक्यातले मलिकवाड, पलीकडे शिरोळ तालुक्यातले दत्तवाड. एरवी पूल ओलांडला की माणूस दुसऱ्या राज्यात. जुलै-ऑगस्टात पूल बुडाला की तोच प्रवास लांबच्या वळशाचा होतो. अशा वेळी पलीकडच्या टाकीवरचा राउटर चुकीच्या चॅनेलवर जाऊन बसला, तर त्याला परत आणायला कोणी जाऊ शकत नाही. या लेखातली जवळजवळ प्रत्येक सूचना या एका अडचणीतून आली आहे. जाळ्याने परिस्थिती बघून आपोआप बदलावे, पण प्रत्येक नोडला (जाळ्यातल्या एकेका राउटर-ठाण्याला) आपला बदल कोणाला न विचारता मागे घेता आला पाहिजे. हे दुसरे जमत नसेल तर पहिल्याच्या वाटेला जाऊ नये. हाताने लावलेले स्थिर जाळे परवडले.

फिरत्या अॅड हॉक जाळ्यात टॉवर नसतो. प्रत्येक राउटर शेजाऱ्याचे माहितीचे पाकीट हातोहात पुढे देतो आणि शेजारी सतत बदलत असतात. मार्ग शोधायच्या दोन जुन्या रीती आहेत. ओएलएसआर (आरएफसी ३६२६, २००३) सगळे मार्ग आधीच तयार ठेवते, तर एओडीव्ही (आरएफसी ३५६१, २००३) गरज पडली की मार्ग शोधते. इथे तिसरा पर्याय घेतला आहे तो बॅटमॅन-अॅडव्हान्स्ड, २०११ पासून लिनक्स कर्नलमध्ये असलेला. त्यात कोणत्याही नोडला पूर्ण नकाशा ठाऊक नसतो, अमुक ठिकाणी जायचे तर कोणता शेजारी बरा एवढेच ठाऊक असते. शिवाय तो इथरनेटच्या पातळीवर चालतो, त्यामुळे निवारा केंद्रातला फोन एका नोडवरून दुसऱ्यावर गेला तरी त्याचा आयपी पत्ता तोच राहतो. पुराच्या कामाला हे सोयीचे.

सामान

बारा नोडांचे जाळे धरू. त्यांतले चार पक्के, म्हणजे पाण्याच्या टाकीवर किंवा शाळेच्या गच्चीवर. दोन निवारा केंद्रांत. सहा फिरते, म्हणजे बोट, ट्रॅक्टर, जीप. प्रत्येक नोडला लागणारे सामान असे:

- ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची खुली लिनक्स प्रणाली) चालणारा राउटर, किमान १६ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी साठवण) आणि १२८ एमबी रॅम. वायफाय चिप एथ९के ड्रायव्हरवर चालणारी असेल तर उत्तम. नव्या चकचकीत राउटरांपेक्षा या जुन्या चिपा मेश मोडमध्ये, म्हणजे राउटर थेट एकमेकांशी बोलतात तेव्हा, कमी त्रास देतात.
- ईएसपी३२ आणि एसएक्स१२६२ असलेला लोरा (कमी वेगाचा, लांब पल्ल्याचा रेडिओ) बोर्ड, ८६५–८६७ मेगाहर्ट्झचा. ऑनलाइन मागवताना ४३३ किंवा ९१५ चा येऊन पडतो, पाकीट फोडतानाच तपासा.
- जीपीएस मॉड्यूल आणि डीएस३२३१ घड्याळ. राउटरला स्वतःचे बॅटरीवरचे घड्याळ नसते. वीज गेली की तो जुन्याच तारखेने उठतो, आणि मग हुकमावरच्या डिजिटल सहीची मुदत, नोंदींचा क्रम, ठरलेल्या वेळचे बदल असे सगळेच चुकते.
- १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासाची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी, आणि विजेचा हिशेब ठेवायला आयएनए२२६ ही मोजणारी चिप.
- पक्क्या नोडला ८ डीबीआयचा सर्वदिशी अँटेना, फिरत्याला ५ डीबीआयचा. डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याचे माप.

फिरत्या नोडला जास्त डीबीआयचा अँटेना लावायचा मोह टाळा. डीबीआय वाढतो तसा झोत चपटा होतो, आणि बोट हेलकावली की तो झोत पाण्यात किंवा आभाळात जातो.

वायफायला २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो. ट्रान्समीटरची मर्यादा १ वॅट, अँटेनासकट ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचे माप). २० डीबीएमचा राउटर आणि ८ डीबीआयचा अँटेना मिळून २८ होतात, तेव्हा भरपूर जागा आहे. लोराच्या पट्ट्यात कॅरिअरची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंतच आहे. म्हणून २५० किलोहर्ट्झची तयार प्रीसेट जशीच्या तशी उचलू नका, १२५ किलोहर्ट्झ आणि स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती पसरवून, सावकाश पाठवायचा तो आकडा) ९ लावा. परवाना लागत नसला तरी उपकरण मान्यताप्राप्त असावेच लागते. हे नियम केंद्राचे असल्याने नदी ओलांडून महाराष्ट्रात गेले तरी तेच लागू राहतात. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या हद्दीत काही बसवायचे तर मात्र वनखात्याची परवानगी आधी. झाडाला खिळा ठोकून राउटर टांगणे तिथे चालत नाही.

लोरा कशाला, वायफाय आहे की, असा प्रश्न येतोच. वायफायचे चॅनेल बदलण्याचा हुकूम वायफायवरूनच पाठवणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे. लोराचा वेग वर सांगितलेल्या मांडणीत जेमतेम १.७६ किलोबिट प्रतिसेकंद असतो, पण हुकूम आणि पोच यांना तेवढा पुरतो. ४० बाइटच्या संदेशाला सुमारे ०.३ सेकंद लागतो, सही जोडलेल्या ११० बाइटच्या हुकमाला ०.६ सेकंद.

ऊस आणि अँटेनाची उंची

कृष्णाकाठच्या सपाटीवर डोंगर आड येत नाही, ऊस येतो. मे महिन्यात खोडवा गुडघा-कमरेएवढा असताना मोजलेली लिंक सप्टेंबरात पुरुषभर उंच उसाच्या मागे जाते, आणि सॉफ्टवेअर तपासण्यात दिवस जातात. ओल्या पानांचा दाट मळा २.४ गिगाहर्ट्झला भिंतीसारखा आहे.

नुसती नजर पोचते म्हणून लिंक होत नाही. दोन अँटेनांच्या मधला फुगीर पट्टा, म्हणजे पहिला फ्रेनेल पट्टा, निदान ६० टक्के मोकळा लागतो. मध्यावरची त्रिज्या म्हणजे तरंगलांबी गुणिले अंतर याच्या वर्गमुळाचे निम्मे. तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर. १ किलोमीटरला त्रिज्या ५.६ मीटर येते, तिचे ६० टक्के ३.४. २ किलोमीटरला ७.९ मीटर, ६० टक्के ४.७. पूर्ण वाढलेला ऊस ३.५ मीटर धरला, तर १ किलोमीटरला दोन्ही टोके सुमारे ७ मीटरवर आणि २ किलोमीटरला साडेआठ मीटरवर हवीत. बोटीवरचा अँटेना पाण्यापासून अडीच मीटरच्या वर जात नाही, म्हणून उंची भरून काढायची ती पक्क्या नोडाने. गावच्या टाकीची उंची इथे कामाला येते.

हिशेब जुळतो का तेही पाहा. २ किलोमीटरला मोकळ्या हवेतला ऱ्हास सुमारे १०६ डेसिबल. २० डीबीएम, दोन्हीकडे ८-८ डीबीआय, केबल-कनेक्टरचे २ डेसिबल वजा. पलीकडे उणे ७२ डीबीएम मिळायला हवेत. प्रत्यक्षात उणे ८० दिसले तर सेटिंग चाळत बसू नका, ऊस, झाड किंवा कनेक्टर बघा. आरजी-५८ केबल या वारंवारतेला मीटरमागे जवळपास १ डेसिबल खाते, त्यामुळे राउटरच वर चढवून खालून पीओईने, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच, वीज द्यावी हे बरे.

पावसाबद्दल एक गैरसमज आहे. कणकुंबी-आमगावच्या झडीतसुद्धा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पावसाच्या थेंबांनी म्हणण्यासारखा कमी होत नाही. कमी होतो तो ओल्या पानांनी आणि कनेक्टरात शिरलेल्या पाण्याने. जोडावर आधी एकजीव होणारी रबरी टेप, वर साधी टेप, आणि केबल डब्यात शिरण्याआधी खाली एक वेटोळे, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते.

मूळ मांडणी

आपोआप बदलणाऱ्या जाळ्याला परत यायला घर लागते. ही मांडणी सगळ्या नोडांच्या फ्लॅशमध्ये एकसारखी, आणि कोणत्याही आपोआप नियमाला तिच्यावर लिहायची मुभा नाही.

१. मूळचे डब्ल्यूपॅड-बेसिक पॅकेज काढून डब्ल्यूपॅड-मेश घाला. हे विसरले तर परवलीने सुरक्षित केलेले मेश उभेच राहत नाही, आणि त्याबद्दल नोंदींतही धड काही सापडत नाही.

२. रेडिओ ८०२.११एस (वायफायचे मेश मानक) मोडमध्ये, एसएई पद्धतीच्या परवलीसह. चॅनेल ६, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० चा हव्यास नको.

३. मेशचे स्वतःचे फॉरवर्डिंग बंद. मार्ग बॅटमॅनने ठरवायचे आहेत. दोघांनी ठरवायला घेतले की पाकिटे घुमत राहतात.

४. वायफाय इंटरफेसचा एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी, बाइटांत) १५३२ करा. बॅटमॅन ३२ बाइटचे स्वतःचे वेष्टण घालतो. १५०० ठेवले तरी जाळे चालते, पण प्रत्येक मोठे पाकीट दोन तुकड्यांत जाते. पिंग झकास आणि फोटो रांगत, असे दिसले की आधी हेच बघा.

५. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम सगळ्यांसाठी सोडलेल्या पाकिटांचा, वेग १२ मेगाबिट करा. कारण खाली येते.

६. ब्रिज लूप अव्हॉयडन्स (पाकिटे वर्तुळात फिरू न देणारी सोय) चालू. निवारा केंद्रात कोणीतरी दोन नोड एकाच स्विचला जोडतोच.

७. सुरू होताना ० ते ६० सेकंदांची यादृच्छिक थांबण. करंट आला की सगळ्या गावचे नोड एकाच क्षणी उठतात आणि एकमेकांवर ओरडतात. पुढच्या प्रत्येक ठरावीक कामालाही ±२० टक्क्यांचा असा फरक द्या.

फिरणारा नोड आणि ६४ चा आकडा

आता बदलाचे नियम. त्यांतला सर्वांत उपयोगी, आणि बहुतेक ठिकाणी चुकीचा लावलेला, नियम ओजीएमच्या अंतराचा आहे.

प्रत्येक नोड ठरावीक वेळाने 'मी आहे' असे छोटे पाकीट सोडतो, तेच ओजीएम. मूळ अंतर १००० मिलिसेकंद. बॅटमॅनची चौथी आवृत्ती शेजाऱ्याची लिंक कितपत चांगली हे शेवटच्या ६४ ओजीएमपैकी किती आले यावरून ठरवते आणि ० ते २५५ मध्ये टीक्यू नावाचा आकडा देते. म्हणजे १ सेकंदाच्या अंतराने ६४ सेकंदांचे मोजमाप.

जीप ताशी ४० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ११ मीटर चालली आहे. पक्क्या नोडचा पल्ला रस्त्यावर ३०० मीटर धरला तर ६०० मीटरचा टप्पा ती ५४ सेकंदांत पार करते. मोजमाप पुरे व्हायच्या आतच लिंक संपते! मार्ग मागच्या नोडकडेच चिकटून राहतो, आणि जीपमधल्या माणसाला वाटते रेंज नाही. अंतर ५०० मिलिसेकंद केले की खिडकी ३२ सेकंदांची होते आणि काम चालते. बोट ताशी १५ किलोमीटरने जाते, तिला मूळ मांडणीही बहुधा पुरते.

मग सगळ्यांनाच ५०० का नाही? कारण प्रत्येक ओजीएम प्रत्येक नोड पुन्हा प्रसारित करतो. बारा नोड, सेकंदाला एक, म्हणजे १४४ प्रसारणे. ब्रॉडकास्ट सर्वांत हळू वेगाने जाते. १ मेगाबिटला छोट्या पाकिटालाही सुमारे १ मिलिसेकंद लागतो, म्हणजे हवेचा १४ टक्के वेळ यातच गेला. सगळ्यांना ५०० केले तर २९ टक्के. बॅटमॅन काही ओजीएम एकत्र बांधून पाठवतो म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी येतो, पण दिशा हीच. वर १२ मेगाबिट सांगितले ते यासाठी. वेळ वाचतोच, शिवाय १ मेगाबिटला जेमतेम ऐकू येणारे कच्चे शेजारी यादीतून गळतात. कच्च्या शेजाऱ्याचे ओजीएम येतात, डेटा येत नाही. असे शेजारी नसलेले बरे.

म्हणून प्रत्येक नोडवर एक छोटी स्क्रिप्ट दर १० सेकंदांनी जीपीएसचा वेग पाहते:

- वेग सलग १० सेकंद ताशी २० किलोमीटरच्या वर: धावता. ओजीएम ५०० मिलिसेकंद.
- सलग १२० सेकंद ताशी ८ च्या खाली: थांबलेला. ओजीएम १०००.
- मधल्या पट्ट्यात आहे ते राहू द्या.

चढताना २०, उतरताना ८, आणि वेळाही वेगळ्या. हा फरक मुद्दाम आहे. एकच आकडा ठेवला तर बाजाराच्या गर्दीतली जीप मिनिटाला चार वेळा आपली जात बदलते. त्यात उभ्या गाडीचे जीपीएसही ताशी १-२ किलोमीटर दाखवत राहते. जीपीएस हरवले, उदाहरणार्थ पत्र्याखाली, तर १० मिनिटे आधीची अवस्था, मग 'थांबलेला'.

फिरत्या नोडवर हॉप पेनल्टी (दर उडीला कापले जाणारे गुण) ६० करून टाका, तो नियमात घालायची गरज नाही. त्या नोडमधून जाणाऱ्या मार्गाचा टीक्यू दर वेळी १९५ भागिले २५५, म्हणजे साधारण ७६ टक्क्यांवर येतो. दुसरा रस्ता असेल तर कोणी बोटीमार्गे जात नाही, नसेल तर बोटही चालते. एका रेडिओवरच्या साखळीत दोन उड्यांना वेग निम्मा आणि तीन उड्यांना तिसरा हिस्सा होतो, त्यामुळे उगाचच्या उड्या टाळलेल्या बऱ्या.

शक्ती आणि गेटवे

प्रसारणाची शक्ती आपोआप कमी-जास्त करण्याचा नियम कागदावर छान दिसतो. फिरत्या नोडांवर तो लावूच नका. एकाने शक्ती कमी केली की त्याला दुसऱ्याचे ऐकू येते, दुसऱ्याला त्याचे येत नाही. टीक्यू अशा एकतर्फी लिंकला खाली ढकलतो, मार्ग बदलतो, मग नियमाला वाटते शेजारी कमी झाले, तो शक्ती वाढवतो, आणि झोका सुरू होतो. पक्क्या नोडांवर लावायचाच तर असा: सर्वांत जोरकस तिन्ही शेजारी सलग ५ मिनिटे उणे ५५ डीबीएमच्या वर असतील तर २ डेसिबल कमी, १४ डीबीएमच्या खाली कधीच नाही. शेजारी दोनच्या खाली आले की एकाच उडीत परत २०. कमी करताना हळू, वाढवताना लगेच. सिग्नलचा आकडा शेवटच्या एका फ्रेमचा घेऊ नका, १० नमुन्यांची सरासरी घ्या.

गेटवे म्हणजे बाहेरचे इंटरनेट असलेला नोड. पुरात सर्वांत आधी दगा देणारी जागा ही. मोबाइल टॉवरची बॅटरी संपते, मोडेम मात्र 'जोडलेले' असेच दाखवत राहतो. म्हणून तपासणी मोडेमची नको, बाहेरच्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांची हवी. दर १५ सेकंदांनी तपासा. पाचपैकी तीन वेळा दोन्ही पत्ते अपयशी ठरले तर गेटवेपण बंद. सलग दहा वेळा यश आले तर चालू. एकदा बदलले की ५ मिनिटे हात लावायचा नाही. गेटवे बदलला की चालू असलेले प्रत्येक डाउनलोड आणि कॉल तुटतो, कारण बाहेरचा पत्ता बदलतो. बॅटमॅनमध्ये ग्राहक नोड २० टीक्यूचा फरक पडल्याशिवाय गेटवे बदलत नाही. फिरत्या नोडांवर तो ४० करा.

नदीच्या दोन्ही काठांना एकेक गेटवे हवा, आणि शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचा. दोन्हीकडचे नियंत्रण कक्षही वेगळे, एक बेळगावला आणि एक कोल्हापूरला. मधली लिंक तुटली तरी दोन्ही अर्धे आपापल्या कक्षाशी बोलत राहतात.

चॅनेल बदल: सर्वांत जोखमीचे काम

बारा नोड एकत्र हलले तर ठीक, अकरा हलले तर बारावा गेला. म्हणून हा बदल ६ तासांत एकदाच, आणि तोही ठोस कारण असेल तरच: चॅनेल सलग १५ मिनिटे ६० टक्क्यांहून जास्त व्यस्त, आणि त्यात आपले स्वतःचे प्रसारण २० टक्क्यांहून कमी. दुसरी अट बरेच जण विसरतात. आपल्याच फोटोंनी चॅनेल भरले असेल तर नव्या चॅनेलवर तेच फोटो सोबत येणार.

पायऱ्या अशा:

१. म्होरक्या नोड (तो कसा निवडायचा ते खाली) लोरावरून सही केलेला प्रस्ताव पाठवतो: योजना २७, चॅनेल ११, वेळ १४:३०:००. वेळ निदान १० मिनिटे पुढची.

२. प्रत्येक नोड लोरावरूनच पोच देतो. चारही पक्क्या नोडांची पोच हवी, आणि एकूण बारापैकी दहाची. नाही आली तर योजना रद्द. रद्दचा संदेश पोचला नाही तरी हरकत नाही, कारण 'योजना पक्की' असा दुसरा संदेश आल्याशिवाय कोणीही हलत नाही.

३. ठरल्या वेळी सगळे हलतात. नवी मांडणी फ्लॅशवर लिहायची नाही, फक्त रॅममध्ये.

४. ९० सेकंदांनी प्रत्येक नोड आपले शेजारी मोजतो. आधीच्या निम्म्याहून कमी असतील तर तो एकटाच जुन्या चॅनेलवर परत.

५. ३० मिनिटे स्थिर राहिले, की मगच फ्लॅशवर नोंद.

कोणीतरी हरवणारच. बंधाऱ्याच्या पलीकडे गेलेली बोट, बॅटरी बदलत असलेली जीप. त्यासाठी शोधाचा नियम: ६० सेकंद एकही शेजारी नाही तर १, ६, ११ या चॅनेलांवर प्रत्येकी ५ सेकंद ऐका, सापडला की थांबा. १५ मिनिटे कोणीच नाही तर चॅनेल ६ वर मूळ मांडणीत जाऊन बसा. पक्के नोड मात्र शोधत फिरत नाहीत. दोन हरवलेले एकमेकांना शोधू लागले तर भेट होत नाही, एकाने तरी जागेवर बसावे लागते.

माघार

चॅनेलच नव्हे, कोणताही बदल याच साच्यातून जायला हवा. नवी मांडणी रॅममध्ये लावा, १८० सेकंदांचे घड्याळ सुरू करा, तेवढ्यात किमान एका पक्क्या नोडपर्यंत पिंग आणि त्याची पोच आली नाही तर जुनी मांडणी लावून वायफाय पुन्हा सुरू करा. हे घड्याळ वेगळ्या प्रक्रियेत चालवा. बदल करणारी स्क्रिप्टच अडकली तर तिच्यातले घड्याळही अडकते. त्याच्याही मागे हार्डवेअर वॉचडॉग, म्हणजे अडकलेला नोड आपोआप रीबूट करणारी चिप. १० मिनिटांत तीनदा रीबूट झाले तर नोड सगळे आपोआप नियम बंद करून मूळ मांडणीत उठतो आणि लोरावरून एकच अक्षर ओरडत राहतो. असा नोड मंद असेल, पण सापडतो.

परवली बदलताना हाच साचा अपुरा पडतो, कारण जो नोड त्या दिवशी जाळ्याबाहेर आहे तो कायमचा बाहेर राहील. बोटीबरोबर राउटर वाहून गेला की परवली बदलावीच लागते. त्यासाठी त्याच रेडिओवर नव्या परवलीचा दुसरा मेश इंटरफेस उभा करा (एथ९के हे करू देतो), दोन्ही ७२ तास चालू ठेवा, मग जुना काढा. ७२ तासांत न आलेल्या नोडला हाताने जोडायचे.

म्होरक्या कोण

कायमचा एक म्होरक्या नेमला तर तो नेमका पाण्यात जातो. दर १० मिनिटांच्या लोरा अहवालात प्रत्येक नोड बॅटरी, शेजारी आणि आपण पक्के की फिरते एवढे सांगतोच. त्यावरून पक्क्यांपैकी ज्याची बॅटरी ५० टक्क्यांच्या वर आणि शेजारी सर्वांत जास्त, तो म्होरक्या. बरोबरी झाली तर लहान क्रमांकाचा. तीन अहवाल चुकले की नवा निवडा.

जाळे दोन तुकड्यांत फुटले तर दोन म्होरके होतात, आणि ते योग्यच आहे. घोटाळा होतो तो पुन्हा जुळताना. एकीकडे योजना २८ ने चॅनेल १ केलेले, दुसरीकडे त्यांच्या योजना २८ ने ११. 'नवा तो खरा' हा नियम इथे चालत नाही, दोन्ही नवेच आहेत. क्रमांक तोच आणि मजकूर वेगळा दिसला तर दोघांनीही आपली योजना टाकून मूळ मांडणीत यावे. पाचेक मिनिटे जातात, पण भांडण मिटते.

अहवालांनी लोरा तुंबेल का? बारा नोड, ०.३ सेकंद, प्रत्येकाचे सगळ्यांनी पुनःप्रसारण केले तरी १० मिनिटांत ४३ सेकंद, म्हणजे ७ टक्के. हुकमांना जागा उरते. दर मिनिटाला अहवाल हवा असा आग्रह धरला तर उरत नाही.

वीज

राउटर, लोरा, जीपीएस मिळून ६ वॅट, दिवसाला १४४ वॅट-तास. बॅटरीत २५६, त्यातले ८० टक्के वापरायचे तर २०५, म्हणजे सूर्याशिवाय ३४ तास. पावसाळ्यात १०० वॅटचे पॅनेल पूर्ण तेजाचे दीड-दोन तासच मिळाल्यासारखे धरून चाला. नुकसान वजा जाता १०५ ते १४० वॅट-तास. थोडे कमी पडते, म्हणून १५० वॅटचे लावा. खानापूरच्या जंगलपट्ट्यात तेही पुरणार नाही, तिथे दर दोन दिवसांनी बॅटरी बदलायची तयारी हवी.

या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो. १३.२ व्होल्ट म्हणजे ७० टक्के की ४०, हे त्यावरून कळत नाही. म्हणून आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास आयएनए२२६ ने मोजा. ४० टक्क्यांखाली फोनसाठीचा दुसरा रेडिओ बंद, २० खाली वायफाय तासाला १० मिनिटे, १० खाली फक्त लोरा. कधी उठायचे ते सगळ्यांचे एकच हवे, तासाच्या ठोक्याला. नाहीतर दोन अर्धमेले नोड आळीपाळीने जागतात आणि कधीच भेटत नाहीत. डीएस३२३१ ची खरी गरज इथे लागते.

चाचणी

मे महिन्यात करा, पण वळवाच्या विजांचा अंदाज घेऊन. खांबाला अर्थिंग केल्याशिवाय वर चढवू नका. आधी टेबलावर तीन नोड, मधे ३० डेसिबलचे अटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम कमी करणारे जोड). अँटेना काढून चाचणी करू नका, प्रसारकाला इजा होऊ शकते. मग मुद्दाम मोडा: चॅनेल बदलाच्या मधोमध एकाची वीज काढा, म्होरक्या बंद करा, जाळे दोन तुकडे करून दोन्हीकडे वेगळी योजना चालवा आणि जोडा, एका नोडचे घड्याळ २ तास मागे न्या. प्रत्येक वेळी हात न लावता जाळे किती मिनिटांत एक होते ते लिहून ठेवा. २० मिनिटांहून जास्त लागले तर नियम कमी करा, वाढवू नका.

मैदानात बॅटसीटीएल या बॅटमॅनच्या तपासणी-साधनाच्या दोनच आज्ञा पुरतात. 'एन' शेजारी दाखवते, 'ओ' प्रत्येक नोडचा टीक्यू. टीक्यू २०० च्या वर चांगले, १०० च्या खाली नावापुरते. त्याच जागी मोजमाप सप्टेंबरात, ऊस वाढल्यावर, पुन्हा घ्या.

प्रत्येक डब्यावर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा: हे काय आहे, काढू नका, लाल दिवा लागला तर काय करायचे. करंट नसताना दिवा लागलेला डबा दिसला की फोन चार्ज करायला कोणीतरी वायर काढतोच. त्यासाठी बाहेर एक वेगळा यूएसबी सॉकेट द्या, १ अँपिअरच्या मर्यादेचा आणि बॅटरी ४० टक्क्यांखाली गेली की बंद होणारा. नोड काढून नेण्याचे प्रकार यानेच सर्वांत जास्त थांबतात.

पाणी ओसरल्यावर डबे उघडून वाळवा, कनेक्टर हिरवे पडले असतील तर कापून नवे घाला, बॅटरी निम्मी भरून ठेवा. नोंदी मात्र पुसण्याआधी उतरवून घ्या, आणि त्यांत मागे घेतलेले बदल मोजा. एखादा नियम दहापैकी तीन वेळा मागे घ्यावा लागला असेल तर पुढच्या जूनपर्यंत तो बंद.